काजूचा डिंक ते स्पेक्ट्रम: गुंतागुंतीच्या साखरा मास स्पेकवर कशा वाचायच्या

आधीच सांगून टाकते, मास स्पेक, म्हणजे रेणूंचं वजन करणारं मशीन, वजन सांगतं, नाव सांगत नाही. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, तिघांचंही वजन १८०.०६ डाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक), अणू तेच आणि तेवढेच, फरक इतकाच की एखाद्या कार्बनवरचा ओएच या बाजूला आहे की त्या बाजूला, आणि तराजूला बाजू दिसत नाही. हे मला वाचून माहीत होतं पण अंगाला लागलं ते हातमोज्यांमुळे. काजूच्या डिंकाचं पहिलं सॅम्पल लावलं तर काय सुंदर शिडी आली, १६२ च्या अंतराने (साखळीत जोडलेल्या एका साखरेचं वजन, १८० वजा पाणी) एकेक पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, आठ-नऊ पायऱ्या, मी तर खूश, गॅलॅक्टोजची साखळी मिळाली म्हणून दोन आठवडे सगळ्यांना स्क्रीन दाखवत फिरले. मग कुणीतरी विचारलं, ब्लँक, म्हणजे डिंक न घालता बाकी सगळं तेच केलेलं सॅम्पल, लावला होतास का? नव्हता. लावला तर ब्लँकमध्येही तीच शिडी! पावडरवाले हातमोजे होते, त्यातली पावडर म्हणजे मक्याचा स्टार्च, आणि ॲसिडमध्ये स्टार्च तुटला की ग्लुकोजची शिडी मिळते, तीही १६२ चीच. त्यामुळे खालचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवा की प्रत्येक पायरीवर आपण मशीनला काय विचारतोय आणि ते काय सांगूच शकत नाही.

उदाहरण म्हणून काजूचाच डिंक घेते, कारण आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात तो फुकट मिळतो आणि साखर म्हणून तो खरंच गुंतागुंतीचा आहे. मुख्य साखळी गॅलॅक्टोजची, १→३ जोडलेली (एका साखरेचा पहिला कार्बन शेजारच्या साखरेच्या तिसऱ्या कार्बनला), तिला १→६ च्या फांद्या, आणि टोकांना अरॅबिनोज, रॅम्नोज, ग्लुकोज, ग्लुक्युरॉनिक ॲसिड. पद्धत मात्र कुठल्याही झाडाच्या डिंकाला किंवा पॉलिसॅकराइडला, म्हणजे साखरांच्या लांब साखळीला, थोड्याफार फरकाने चालते.

सॅम्पल गोळा करणं आणि साफ करणं

काजूच्या सीझनमध्ये, म्हणजे हुर्राकाचा, काजूच्या दारूचा, वास गावभर असतो तेव्हा, वाळपईजवळ मावशीच्या बागेत गेले. खोडाला जिथे कोयत्याचा घाव बसलाय तिथे डिंकाचे मधाच्या रंगाचे थेंब वाळून घट्ट झालेले असतात, ते चाकूने काढायचे, साल शक्य तितकी कमी येऊ द्यायची. मावशी म्हणाली, "एवढ्याशा डिंकासाठी पणजीहून आलीस?" ५० ग्रॅम पुरेसा होतो, खरं तर १० ग्रॅममध्येही वर्षभराचं काम होतं. एकाच झाडाचा घ्या आणि पिशवीवर झाडाची खूण आणि तारीख लिहा, चार झाडांचा एकत्र केला तर नंतर फरक कशाचा ते कळणार नाही.

बारीक करून पाण्यात रात्रभर ढवळत ठेवा, ५ ग्रॅमला १०० मिली पाणी. सकाळी पाणी जरा चिकट होतं आणि तळाला सालीचा चुरा बसतो. सेंट्रिफ्यूज करा. कापडातून किंवा कागदातून गाळायचा मोह होतो पण दोन्ही सेल्युलोज, म्हणजे परत ग्लुकोजच, मी टाळते. वरच्या पाण्यात तिप्पट ते चौपट थंड इथेनॉल हळूहळू ओता, पांढरे पुंजके पडतात, ते सेंट्रिफ्यूजने खाली आणा, परत पाण्यात विरघळवा, डायलिसिस दोन दिवस (बारीक छिद्रांच्या पिशवीतून लहान रेणू पाण्यात निघून जातात), मग फ्रीझ ड्रायर, म्हणजे गोठवून सुकवणं. शेवटी जे हाताला लागतं ते पांढरं, कापसासारखं हलकं असतं. बाटली लगेच बंद करा, आपल्याकडच्या हवेत ते तासाभरात चिकटायला लागतं.

इथेच एक स्वस्त टेस्ट करून घ्या. चिमूटभर पावडर पाण्यात, त्यावर आयोडीनचा एक थेंब. निळं झालं तर स्टार्च आहे, पुढे जाऊ नका. माझे दोन आठवडे या एका थेंबाने वाचले असते.

तोडल्याशिवाय मशीनवर जात नाही

अख्खा डिंक मास स्पेकवर लावून काही दिसत नाही. रेणू प्रचंड मोठे, त्यात प्रत्येकाची लांबी वेगळी, फांद्या वेगळ्या, त्यामुळे सिग्नल हजार ठिकाणी वाटला जातो आणि स्क्रीनवर नुसता फुगवटा येतो. म्हणून तोडायचं, पण अर्धवट, दोन ते दहा साखरांचे तुकडे राहतील इतपत.

मी टीएफए (ट्रायफ्लुओरोॲसेटिक ॲसिड) वापरते कारण ते नंतर उडून जातं, मागे मीठ राहत नाही. बाटलीतलं टीएफए साधारण १३ मोलर असतं, म्हणजे १ मिली पाण्यात ७.७ मायक्रोलिटर टाकलं की ०.१ मोलर, ३८ मायक्रोलिटर टाकलं की ०.५ मोलर. दोन नळ्या करा, एक ०.१ मोलरची आणि एक ०.५ ची, दोन्हीत १० मिलीग्रॅम डिंक आणि १ मिली ॲसिड, १०० अंशाच्या ब्लॉकवर ठेवा आणि १५, ३०, ६०, १२० मिनिटांनी १०० मायक्रोलिटर काढून बर्फावर. झाकण घट्ट असू दे, नाहीतर ॲसिड उडून प्रमाण बदलतं.

दोन नळ्या कशाला, तर सगळे बंध सारखे मजबूत नसतात. अरॅबिनोज फ्युरॅनोज रूपात, म्हणजे पाच जणांच्या छोट्या रिंगमध्ये असतो, तो ०.१ मोलरमध्येच पहिला गळतो. गॅलॅक्टोजच्या साखळीला जास्त जोर लागतो. आणि ग्लुक्युरॉनिक ॲसिडचा बंध सगळ्यात हट्टी, बाकी सगळं तुटलं तरी ग्लुक्युरॉनिक-गॅलॅक्टोज ही जोडी शिल्लक राहते. म्हणजे कुठला तुकडा कुठल्या वेळेला सुटला यातूनच अर्धी रचना कळते, म्हणून एकच टाइम पॉइंट घेऊन मोकळं होऊ नका.

नायट्रोजनखाली सुकवा, ४० अंशाच्या वर नको, मग दोन-तीन वेळा थोडं आयसोप्रोपेनॉल टाकून परत सुकवा म्हणजे उरलंसुरलं ॲसिड जातं. ब्लँक याच्या सोबतच चालला पाहिजे: डिंक नाही, बाकी सगळं तेच, तीच नळी, तेच पाणी, तेच हातमोजे.

मीठ काढणं

झाडाच्या डिंकात पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं असतं. मीठ राहिलं तर मॅट्रिक्स (सॅम्पलसोबत प्लेटवर सुकवायचं, लेझर शोषणारं द्रव्य) नीट क्रिस्टल होत नाही आणि एकच साखर सोडियमसोबत एका ठिकाणी, पोटॅशियमसोबत दुसऱ्या ठिकाणी दिसते.

यासाठी ग्राफिटाइज्ड कार्बनची छोटी कार्ट्रिज सगळ्यात बरी. आधी ०.१ टक्का टीएफए घातलेल्या ८० टक्के ॲसिटोनायट्राइलने धुवा, मग पाण्याने. सॅम्पल पाण्यात विरघळवून हळू सोडा, घाई केली तर साखर पकडली जात नाही. मग पाण्याने चांगलं धुवा, मीठ जातं. यात सुट्या एकेकट्या साखराही मिठाबरोबर वाहून जातात, त्या हव्या असतील तर हे पाणी फेकू नका. नंतर २५ टक्के ॲसिटोनायट्राइलने न्यूट्रल तुकडे उतरवा आणि त्यानंतर ४० टक्के ॲसिटोनायट्राइलमध्ये ०.१ टक्का टीएफए घालून ॲसिडवाले. दोन्ही वेगळ्या नळ्यांत, एकत्र नको, कारण न्यूट्रल पॉझिटिव्ह मोडमध्ये (धन भाराचे रेणू) बघायचे आणि ॲसिडवाले निगेटिव्हमध्ये (ऋण भाराचे).

प्लेटवर

मी माल्डी-टॉफवर, म्हणजे लेझरने रेणू उडवून त्यांच्या उड्डाणाच्या वेळेवरून वजन काढणाऱ्या मास स्पेकवर, सुरुवात करते, कारण एका साखरेचं बहुतेक एकच पीक येतं, वाचायला सोपं. मॅट्रिक्स डीएचबी (डायहायड्रॉक्सीबेंझोइक ॲसिड), १० मिलीग्रॅम प्रति मिली, अर्धं पाणी अर्धं ॲसिटोनायट्राइल, त्यात १ मिलिमोलर सोडियम ॲसिटेट. सोडियम मुद्दाम घालायचं, म्हणजे सगळे रेणू सोडियमच धरतात, कुणी पोटॅशियम कुणी प्रोटॉन असा गोंधळ होत नाही. अर्धा मायक्रोलिटर सॅम्पल, त्यावर अर्धा मॅट्रिक्स, सुकू द्या.

डीएचबीचे क्रिस्टल मायक्रोस्कोपखाली बघा, कडेकडेने लांब सुया आणि मधे बारीक भुसा. साखर एखाद्या सुईवर भरपूर आणि शेजारी काहीच नाही असं होतं, लेझर फिरवत राहावं लागतं. सुकल्यावर ठिपक्याला ०.२ मायक्रोलिटर इथेनॉल लावलं की परत क्रिस्टल होऊन बारीक आणि एकसारखे होतात. जुलैमध्ये ठिपका सुकतच नाही, अर्धा तास झाला तरी ओला, मग मी प्लेट सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवते. पंखा नको, धूळ बसते.

मशीन हाताशी नसेल तर सॅम्पल सुकवून बाहेर पाठवता येतं, गोव्याबाहेर पाठवायचं तर द्रावण पाठवूच नका.

पहिल्यांदाच करत असाल तर डिंकाआधी लिक्विड ग्लुकोज लावून बघा, म्हापशाच्या बाजारात बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. त्यात माल्टोज, माल्टोट्रायोज आणि पुढची साखळी तयारच असते. एक थेंब पाण्यात भरपूर पातळ करून लावा, ५२७.१६, ६८९.२१, ८५१.२६, १०१३.३२ अशी शिडी आलीच पाहिजे. नाही आली तर दोष तुमच्या मॅट्रिक्सचा किंवा कॅलिब्रेशनचा, डिंकाचा नाही. ३६५.११ ला माल्टोजपण असतो, पण ४०० च्या खाली मॅट्रिक्सची स्वतःचीच गर्दी असते, तिथे माल्डीवर भरवसा ठेवू नका, दोन साखरांच्या तुकड्यांसाठी इलेक्ट्रोस्प्रे, म्हणजे द्रावणाचा भारित फवारा सोडणारं मास स्पेक, बरा.

पीक वाचायचं कसं

हे गणित हाताने करा, निदान पहिली दहा पीक. साखरा जोडल्या जाताना दर बंधाला एक पाण्याचा रेणू जातो, म्हणून साखळीतल्या हेक्सोजचं (सहा कार्बनची साखर, ग्लुकोज-गॅलॅक्टोजसारखी) वजन १६२.०५३, पेंटोज (पाच कार्बनची, अरॅबिनोजसारखी) १३२.०४२, रॅम्नोज किंवा फ्युकोजसारखा डीऑक्सीहेक्सोज १४६.०५८, ग्लुक्युरॉनिक ॲसिड १७६.०३२. टोकांचं मिळून एक पाणी, १८.०११. सोडियम २२.९८९.

समजा पीक ६८९.२११. सोडियम वजा, पाणी वजा, उरले ६४८.२११, भागिले १६२.०५३, बरोब्बर चार. म्हणजे चार हेक्सोज. दुसरं पीक ६५९.२००, वजाबाकी करून ६१८.२००, यात तीन हेक्सोज घातले की १३२.०४२ उरतात, म्हणजे तीन हेक्सोज एक पेंटोज. हे ०.१ मोलरच्या १५ मिनिटांत दिसतं आणि पुढे कमी होत जातं का बघा, जात असेल तर तो गळणारा अरॅबिनोज असण्याची शक्यता मोठी. निगेटिव्हमध्ये ३५५.०८८ आणि ५१७.१४१ शोधा, ग्लुक्युरॉनिक ॲसिडला एक आणि दोन हेक्सोज.

आता फसवणारी मंडळी. पोटॅशियम सोडियमपेक्षा १५.९७ ने जड, आणि हेक्सोज डीऑक्सीहेक्सोजपेक्षा १५.९९ ने जड. म्हणजे तीन हेक्सोज एक रॅम्नोज पोटॅशियमसोबत ६८९.१९० ला येतो, आणि चार हेक्सोज सोडियमसोबत ६८९.२११ ला. फरक ०.०२ चा, ३० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ३०. या डिंकात रॅम्नोजही आहे आणि पोटॅशियमही, म्हणजे ही नुसती कागदावरची भीती नाही. दशांशाचे दोन आकडे बघून नाव देऊ नका, थोडं जास्त सोडियम घालून परत लावा, पोटॅशियमवालं पीक असेल तर ते विझतं. आणि ४४.०३ च्या अंतराने शिडी दिसली तर ती साखर नाहीच, पॉलिइथिलीन ग्लायकॉल आहे, कुठल्या तरी साबणातून किंवा प्लास्टिकमधून आलेलं.

समुद्री शेवाळावर काम करणाऱ्यांसाठी एवढंच, हणजुण्याच्या खडकांवरचा सरगॅसम आणलात तर त्यात सल्फेटवाल्या साखरा असतात, पॉझिटिव्हमध्ये सल्फेटचे ७९.९६ झडून जातात आणि साखर साधीच वाटते, निगेटिव्हमध्ये आणि कमी लेझरवर बघा.

तोडून बघणं: टोक आधी रंगवा

एमएस-एमएसमध्ये एकच पीक निवडून त्याला फोडायचं. तुकड्यांना नावं देण्याची पद्धत डोमोन आणि कॉस्टेलो यांनी १९८८ साली मांडली, तीच सगळे वापरतात: दोन साखरांमधला बंध तुटला तर डाव्या टोकाचे बी आणि सी, उजव्या म्हणजे रिड्युसिंग टोकाचे (जिथे शेवटच्या साखरेचा पहिला कार्बन मोकळा असतो) वाय आणि झेड, आणि रिंगच फुटली तर ए आणि एक्स.

गोची अशी की साध्या हेक्सोजच्या साखळीत सी आणि वायचं वजन अगदी सारखं. तुकडा डावीकडचा की उजवीकडचा, कळायला मार्ग नाही. म्हणून फोडण्याआधी रिड्युसिंग टोक रंगवून, म्हणजे वजनाने वेगळं करून, घ्यायचं. मी सोडियम बोरोड्युटेराइडने (हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेलं बोरोहायड्राइड) रिड्यूस करते, सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये १० मिलीग्रॅम प्रति मिली, रात्रभर, साध्या तापमानाला. वजन ३.०२ ने वाढतं. साधं बोरोहायड्राइड घेतलं तर २.०२ च वाढतं आणि ते नैसर्गिक आयसोटोपच्या (जड कार्बन असलेल्या रेणूंच्या) पीकवर जाऊन बसतं, मग रिॲक्शन पूर्ण झाली की नाही हे सांगता येत नाही. सकाळी थेंबथेंब ॲसेटिक ॲसिड घाला, फसफस थांबेपर्यंत, मग १ टक्का ॲसेटिक ॲसिडवाल्या मेथॅनॉलने चार-पाच वेळा सुकवा म्हणजे बोरेट उडतं, आणि परत कार्बनच्या कार्ट्रिजवरून काढा. आता ज्या तुकड्यात ३ जास्त तो उजवा.

पण थोडं सॅम्पल न रंगवतापण ठेवा, कारण रिंग फुटण्याची खूण त्यातच दिसते. सोडियम किंवा लिथियम धरलेल्या रेणूत रिड्युसिंग टोकाच्या साखरेवरून ९० गेलं की १→३, ६० आणि १२० गेलं की १→४, ६०, ९०, १२० तिन्ही गेले की १→६, नुसतं १२० गेलं की १→२. आपल्या डिंकात ९० वाला आणि तिन्ही वाला, दोन्ही दिसायला हवेत. ६०-१२० ची जोडीच जोरात असेल तर ती १→४, स्टार्चची सवय, हातमोजे तपासा!

परमिथिलेशन, आणि ते पावसाळ्यात का नको

सगळ्या ओएचवर मिथाइल चढवलं की सिग्नल कित्येक पटींनी वाढतो, आणि कुठल्या ओएचला शेजारी जोडलेला होता तेही पुढे कळतं, कारण त्या जागेवर मिथाइल बसत नाही. पद्धत चुकानू आणि केरेक यांची, १९८४ ची: कोरड्या डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड, एक द्रावक) सोडियम हायड्रॉक्साइड खलून त्याचा दुधासारखा गोळा, त्यात सुकं सॅम्पल, मग मिथाइल आयोडाइड, अर्धा-पाऊण तास हलवत ठेवा, पाणी घालून थांबवा, क्लोरोफॉर्ममध्ये ओढा, क्लोरोफॉर्मचा थर पाण्याने पाच-सहा वेळा धुवा.

मिथाइल आयोडाइड ४२ अंशाला उकळतं आणि विषारी आहे, फ्यूम हुडच्या बाहेर बाटली उघडायचीच नाही. उजेडात ठेवलेलं तपकिरी होतं, ते आयोडीन सुटलेलं, घेऊ नका.

यात सगळा खेळ कोरडेपणाचा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या वजन करेपर्यंत घाम फुटल्यासारख्या ओल्या होतात. मी एकदा भर पावसात केलं, निकाल काय, तर प्रत्येक पीकच्या मागे १४.०२ ने कमी, २८.०३ ने कमी, अशी पिल्लांची रांग, म्हणजे मिथाइल अर्धवट चढलेले. आता मी हे काम जानेवारी ते मेमध्येच उरकते, नाइलाज असेल तर नवी बाटली फोडून पहिल्या दहा मिनिटांत.

ही पिल्लं नुसती कुरूप नसतात, खोटंही बोलतात. परमिथिलेटेड हेक्सोज २०४.१००, ग्लुक्युरॉनिक ॲसिड २१८.०७९. दोन हेक्सोज सोडियमसोबत ४७७.२३१. ग्लुक्युरॉनिक आणि हेक्सोजची जोडी ४९१.२१०, आणि तिचा एक मिथाइल राहिला की ४७७.१९४. कमी रिझोल्यूशनच्या मशीनवर दोन्ही ४७७.२ च! शिवाय ग्लुक्युरॉनिक ॲसिड अल्कलीत जास्त वेळ राहिलं तर साखळी तिथेच तुटते, म्हणून रात्रभर ठेवू नका.

नाव कुठून आणायचं: जीसी-एमएस

इथवर आपल्याकडे हेक्सोज, पेंटोज एवढंच आहे. गॅलॅक्टोज आहे हे सांगायला साखर पूर्ण तोडून जीसीवर, म्हणजे लांब बारीक नळीतून (कॉलममधून) वायूसोबत रेणू वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, वेळ जुळवावी लागते. शुद्ध डिंक २ मोलर टीएफएमध्ये १२० अंशाला तासभर, मग रिडक्शन, मग ॲसेटिक अनहायड्राइडने ॲसिटिलेशन, आणि सोबत गॅलॅक्टोज, ग्लुकोज, मॅनोज, अरॅबिनोज, रॅम्नोजचे स्टँडर्ड त्याच दिवशी त्याच पद्धतीने केलेले. मास सगळ्या हेक्सोजचा सारखाच दिसतो, ओळख पटते ती कॉलममधून बाहेर येण्याच्या वेळेवरून. आयोडीनच्या थेंबातून सुटलेला स्टार्चही इथे पकडला जातो, ग्लुकोजचं पीक अपेक्षेपेक्षा उंच येतं.

जोडणीसाठी तेच, पण आधी परमिथिलेट केलेल्या अख्ख्या डिंकावर आणि रिडक्शन ड्युटेराइडने. मग जे येतं ते वाचायला मला मनापासून आवडतं. हे आकडे तुकड्यांच्या वजनांचे: टोकाच्या हेक्सोजला ११८, १६१, १६२, २०५. तीन नंबरवर जोडलेल्याला ११८, १६१, २३४. सहावर जोडलेल्याला ११८, १६२, १८९, २३३. तीन आणि सहा दोन्हींवर, म्हणजे फांदी फुटलेली जागा, ११८, १८९, २३४. चारवर जोडलेल्याला ११८, १६२, २३३, हा सहावाल्यासारखाच दिसतो, फक्त १८९ नाही, तेवढ्यावर लक्ष ठेवा. टोकं आणि फांद्यांच्या जागा साधारण सारख्याच संख्येने यायला पाहिजेत, कारण प्रत्येक फांदीला एक टोक असतंच. फांद्या जास्त आणि टोकं कमी आली तर रचनेवर सिद्धांत मांडण्याआधी परमिथिलेशन परत करा, जिथे मिथाइल चढलं नाही तिथे मशीनला फांदी दिसते. ग्लुक्युरॉनिक ॲसिड या पद्धतीत दिसत नाही, त्याचा पुरावा निगेटिव्ह मोडमधल्या ३५५.०८८ वरूनच घ्यायचा.

लिहिताना

माल्डीच्या टेबलात "चार हेक्सोज" लिहा, "चार गॅलॅक्टोज" नको. गॅलॅक्टोज हा शब्द फक्त जीसीच्या टेबलात, १→३ फक्त जिथे २३४ किंवा नुसत्या ९० ची घट दाखवता येते तिथे. बंध अल्फा की बीटा हे यातल्या कशानेच कळत नाही, त्याला एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंची मांडणी वाचणारं तंत्र) किंवा एन्झाइम लागतं. ब्लँकचा स्पेक्ट्रम त्याच स्केलवर शेजारी लावा. आणि शुद्ध केलेल्या डिंकातला निदान ५० मिलीग्रॅम सीलबंद बाजूला राहू दे, परत करायची वेळ येते तेव्हा नेमका काजूचा सीझन संपलेला असतो आणि मावशीच्या बागेतले थेंब पहिल्या पावसात वाहून गेलेले असतात.